जुन्या फियाटचे ब्रेक आणि पुढचे अंतर

प्रश्न : वडिलांची १९६७ सालची फियाट ११०० डी नुकतीच दुरुस्त करून घेतली. पुण्याहून लोणावळ्याला जाताना पुढची नवी गाडी अचानक थांबली आणि आमची तिच्यापासून वीतभर अंतरावर कशीबशी उभी राहिली. मेकॅनिक ब्रेक ठीक असल्याचे सांगतात. मग चुकले कुठे?

उत्तर : ब्रेक ठीक असतीलही, पण तुमच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, म्हणजे ड्रमला, आतून घासून थांबवणारे) आहेत आणि पुढच्या नव्या गाडीला बहुधा डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या उघड्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटणारे) व एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असावे, त्यामुळे ती जेवढ्या अंतरात थांबते तेवढ्यात तुमची थांबेल हे गृहीत धरणे, हीच चूक. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागावे आणि तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत किमान चार सेकंद जायला हवेत. त्या मोकळ्या जागेत दुचाकीस्वार घुसतातच. तेव्हा न चिडता पुन्हा मागे राहावे.

घाटात उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची (ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तराची) पकड सुटते आणि पेडल खोल जाऊ लागते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. पाण्यातून गेल्यावर, मागे कोणी नसेल तर, हलका ब्रेक लावत ड्रम वाळवून घ्यावेत.

मागचे दिवे लहान असल्याने थोडे आधीच पेडलला स्पर्श करावा, म्हणजे मागच्यालाही सूचना मिळते. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे मात्र मेकॅनिकला जरूर विचारा.