सात वर्षांच्या मुलाला हॅलोवीनच्या हाँटेड हाऊसमध्ये आणि मक्याच्या शेतातल्या भुताटकीच्या वाटेवर न्यावं का?

रात्री नेऊ नका, शेतातला साधा मक्याचा चक्रव्यूह मात्र दिवसा जरूर दाखवा. अमेरिकेतले असे खेळ, ज्यात भुतांच्या वेशातले नट लोकांना घाबरवतात, बहुतेक मोठ्यांसाठीच रचलेले असतात; कॅलिफोर्नियातलं 1973 पासूनचं नॉट्स स्केअरी फार्म (एका मनोरंजन उद्यानातला हॅलोवीनचा कार्यक्रम) सुद्धा 13 वर्षांखालच्या मुलांना आणू नका असंच सांगतं. माझ्या मते घरापेक्षा शेत जास्त अंगावर येतं. ऑक्टोबरात मका वाळलेला, माणसाहून उंच आणि वाऱ्याने सतत सळसळणारा. मुखवटा घातलेला नट कुठून येतोय हे कळतच नाही, आणि रडणाऱ्या लेकराला घेऊन मध्येच बाहेर पडणं सोपं नसतं. नट सहसा अंगाला हात लावत नाहीत, पण काही ठिकाणी संमतीपत्रावर सही घेऊन लावतात, म्हणून तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.