सरकारी टेंडरच्या करारात ठेकेदाराने आपली गृहीतकं आणि अडचणी कशा लिहायच्या?

पहिलंच बी-1 टेंडर (अंदाजपत्रकाच्या वर-खाली टक्केवारीत दर भरायचं सरकारी टेंडर) भरतोय, करारनाम्यात आपल्या अटी कशा घालायच्या, नमुना आहे का, असं तुम्ही विचारलंय. नमुना नाही. करारनामा छापील असतो आणि त्यात स्वतःची एक अट घातली की टेंडर सशर्त म्हणून बाद. म्हणून बहुतेक ठेकेदार गप्प बसतात. माझे मेहुणे त्यातलेच.

लिहायची जागा म्हणजे प्री-बिड बैठक, टेंडर भरण्याआधी विभाग घेतो ती. तिथल्या लेखी शंकांवर विभाग जो खुलासा काढतो, तो पुढे कराराचाच भाग होतो.

साक्री तालुक्यात पांझरेला मिळणाऱ्या नाल्यावर आम्ही भागीदारीत लहान पूल घेतला होता. अंदाजपत्रकात दीड मीटरवर मुरूम धरलेला. शेजारच्या शेतातल्या विहिरीत वाकून पाहिलं, तर पुरुषभर काळी माती आणि मग कुठे पिवळसर मुरमाचा पट्टा. त्या विहिरीचा फोटो लावून मी विचारलं, की मुरूम खाली गेला तर जादा खोदाई आणि भराव कसा मोजणार? मेहुणे चिडले. "लिखीसन काय व्हस रे भो? साहेब नाराज होतील." उत्तर आलं, "टेंडर अटींप्रमाणे." मेहुणे हसले.

पाया खोदला तेव्हा दीड मीटरला पहार नुसत्या हाताने आत जात होती. मी काम थांबवलं, त्याच दिवशी पत्र दिलं, पोचेवर आवक शिक्का घेतला आणि काँक्रीट पडायच्या आत उघड्या खड्ड्याचं माप एमबीत, म्हणजे विभागाच्या मोजमाप पुस्तकात, चढवून घेतलं. खोदाई 25 टक्क्यांच्या वर गेली. तिथपर्यंत टेंडरचाच दर, पुढच्या जादा मापाला बी-1 करारातल्या कलम 38 प्रमाणे चालू दरसूचीवरून काढलेला दर. भराव जादा बाब म्हणून मंजूर झाला. पैसे उशिरा आले, पण आले. मेहुणे आजही लग्नाकार्यात सांगतात, की बिल त्यांच्या ओळखीने निघालं. ज्या साहेबांशी ओळख होती त्यांची बदली तोवर होऊन गेली होती हो! नव्या साहेबांनी फाइलमधला विहिरीचा फोटो पाहून सही केली. ओळख बदलीबरोबर जाते, आवक शिक्का फाइलमध्येच राहतो.

काही गोष्टी मात्र लिहून उपयोग नाही, त्या दरात आणि वेळापत्रकातच धरा. मुदत "पावसाळा धरून" असते, तेव्हा काळ्या रानात जूननंतर डंपर रुतला ही सबब चालत नाही. कापूस वेचणीला मजूर मिळत नाही. भोंगऱ्या (होळीआधीचा आदिवासी बाजार-सण) आणि होळीला सातपुड्यातला मजूर गावी गेला, की सण उरकल्याशिवाय परत येत नाही. वाळूचा लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, अंदाजपत्रकात कुठून धरलाय ते आधी पाहा, त्या वाळूघाटाचा लिलावच झाला नसेल तर तो दर कागदावरच राहतो. वाळू, मुरूम, खडी अशा गौण खनिजाच्या पावत्या जपा, नाहीतर रॉयल्टी बिलातून कापतात.

विभागाकडून जागा ताब्यात मिळाली नाही किंवा विजेचे खांब हलले नाहीत, तर अडथळा आल्यापासून 30 दिवसांत करारातल्या कलम 6 खाली मुदतवाढ मागा. नुसती मुदतवाढ मागू नका, नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवतोय असं त्याच पत्रात लिहा. 1872 च्या करार कायद्याचं कलम 55 तेच सांगतं: उशीर मान्य करताना नोटीस दिली नसेल, तर नंतर भरपाई मागता येत नाही. मेहुण्यांना हे कलम मी छापून दिलंय, वाचलेलं नाही.

हे सगळं बी-1 पुरतं. लहान कामांना प्री-बिड नसते, तिथे टेंडर भरण्याआधीच कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या. ईपीसीत (आराखड्यापासून बांधकामापर्यंत सगळं ठेकेदाराकडे असलेला करार) जमिनीखालची जोखीम बरीचशी ठेकेदाराच्याच गळ्यात असते, तिथे आधी स्वतःच्या पैशाने माती तपासा आणि करार वकिलाला दाखवा.