हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं तर ते दगडासारखं खाली पडतं का?

नाही, पायलटने लगेच कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली केला तर नीट उतरवता येतं, ह्याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि ट्रेनिंगमध्ये ते करूनच घेतात. इंजिन आणि रोटरच्या (वरच्या फिरत्या पात्यांच्या) मध्ये फ्रीव्हील असतं, सायकलचं पेडल थांबवलं तरी चाक फिरतं ना, तसंच, त्यामुळे रोटर अडकत नाही, आणि कलेक्टिव्ह खाली केल्याने पात्यांचा कोन कमी होतो मग खालून येणारी हवाच त्यांना भिंगरीसारखी फिरवत ठेवते. शेपटीचा रोटर मेन रोटरच्याच गिअरबॉक्सवर चालतो म्हणून तोंड वळवायचा कंट्रोलही राहतो. जमिनीजवळ नाक वर करून स्पीड कमी करायचा, मग कलेक्टिव्ह वर ओढायचा, हा चान्स एकदाच. पण कमी उंचीवर जागच्या जागी तरंगताना इंजिन गेलं तर ह्या सगळ्याला वेळच मिळत नाही.