सेज व्हीएस कोडमधून चालवताना: एरर आली तर बरं, नाही आली तर तपासा

टर्मिनलमध्ये सेजमॅथ (पायथनवर उभं असलेलं गणिताचं सॉफ्टवेअर, थोडक्यात सेज) चालतं, पण व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमधलं रनचं बटण दाबलं की ‘सेज नावाचं मॉड्यूल नाही’ अशी एरर येते. इम्पोर्ट जमवलं तर उत्तरं नोटबुकपेक्षा वेगळी. तुमची ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. पहिली अडचण दहा मिनिटांची आहे. दुसरीने माझे कित्येक दिवस खाल्ले.

विंडोजवर असाल तर सेज डब्ल्यूएसएलमधल्या (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू या लिनक्समध्ये असणार आणि व्हीएस कोड विंडोजचंच पायथन वापरत असणार. उबुंटूच्या टर्मिनलमधूनच फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघडा. खाली डाव्या कोपऱ्यात डब्ल्यूएसएल दिसलं पाहिजे. पायथनचं एक्स्टेन्शन तिथे पुन्हा टाकावं लागतं. मग कंट्रोल-शिफ्ट-पी, ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’, आणि सेजचं कोंडा एन्व्हायर्नमेंट (कोंडा या पॅकेज मॅनेजरने सेजसाठी बनवलेली वेगळी जागा, तिचं स्वतःचं पायथन असतं) निवडा. खात्री हवी तर स्क्रिप्टमध्ये सिस.एक्झिक्युटेबल (चालू असलेल्या पायथनचा पाथ) प्रिंट करा. पाथ सेजच्या एन्व्हायर्नमेंटचा नसेल तर पुढचं काही बघूच नका.

आता खरी गोम. ‘.सेज’ फाइल चालण्याआधी सेज ती बदलून घेतं: घाताच्या ^ चं ** होतं, पूर्णांक सेजचे होतात, १/३ हा खरा अपूर्णांक राहतो. ‘.पीवाय’ फाइलमध्ये यातलं काहीच होत नाही, वर सेज.ऑल इम्पोर्ट केलेलं असलं तरी. तिथे २^१० म्हणजे ८, कारण पायथनमध्ये ते चिन्ह घाताचं नाही, एक्सऑरचं (दोन संख्यांचे बिट ताडून पाहणाऱ्या क्रियेचं) आहे. बहुपदीच्या चलावर ^ वापरलं तर निदान एरर येते. साध्या आकड्यांवर येत नाही. १/३ चं ०.३३३… होतं, मॅट्रिक्स परिमेय संख्यांऐवजी दशांशांची बनते, आणि शून्य यायला हवा तो डिटरमिनंट शून्याच्या जवळचा कुठलातरी आकडा देतो. एका संस्थेच्या संगणक कक्षाने ‘एरर नाही ना, मग प्रोग्राम बरोबर’ म्हणून मला परत पाठवलं होतं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: रनचं बटण वापरायचं तर शुद्ध पायथन लिहा. घातासाठी **, अपूर्णांकासाठी क्यूक्यू(१)/३ (क्यूक्यू म्हणजे सेजमधल्या परिमेय संख्या), आणि बहुपदींसाठी पॉलिनॉमियलरिंग पूर्ण लिहून. R.<x> असं कोनी कंसातलं छोटं रूप तिथे सिंटॅक्स एरर देतं. नाहीतर फाइल ‘.सेज’ ठेवा आणि खालच्या टर्मिनलमधून सेज कमांडने चालवा. अर्धं हे, अर्धं ते करू नका.

सेजच्या त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपने (पायथनची पॅकेजं टाकायची कमांड) नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज बदलू नका. सेजचे भाग ठरावीक आवृत्तीवर बांधलेले असतात. लागेल ते कोंडा-फोर्जमधूनच (कोंडाच्या पॅकेजांचा साठा) घ्या. आणि आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात डाउनलोड चालू असताना लाइट गेली तर घाबरू नका, तीच कमांड परत द्या. पूर्ण उतरलेली पॅकेजं कॅशमध्ये असतात. हे सगळं लिनक्स आणि डब्ल्यूएसएलपुरतं सांगतोय, मॅकवाल्यांनी इंटरप्रिटरचा पाथ आपापला बघावा.

अजून अडलं तर एररची शेवटची ओळ आणि तो पाथ, दोन्ही इथे टाका.