वाचकांचे प्रश्न : चॅसिसवरून बॉडी उतरवण्याआधी

प्रश्न : जुनी, छत नसलेली दोन दारांची गाडी आहे. चॅसिस (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी, बॉडी पूर्ण पत्र्याची. दाराखालच्या दोन्ही सिल (उंबरठ्याच्या पत्र्याच्या पट्ट्या) गंजल्या आहेत. दारं काढून ठेवली आहेत. आता बॉडी उतरवून घोड्यांवर (टेकूच्या स्टँडवर) ठेवायची आणि मग सिल कापायच्या, असा बेत आहे. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आधी दारं परत लावा. छत नसलेल्या बॉडीचे पुढचे आणि मागचे भाग मुख्यतः सिलनेच एकमेकांना धरलेले असतात. गंजलेल्या सिलसह बॉडी दोन टोकांवर टेकवली, की मध्ये खचते. दाराची फट वर मिटते, खाली उघडते. टेकू फक्त मध्ये दिला तर नेमकं उलटं होतं.

बॉडी चॅसिसवर बोल्टने कसलेली असतानाच दारांच्या फटी जुळवा, वर-मध्ये-खाली मोजून लिहून ठेवा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्णही मोजा. जुन्या गाडीच्या डाव्या-उजव्या बाजू मुळातच तंतोतंत सारख्या नसतात, त्यामुळे शेवटचा शब्द टेपचा नाही, दाराचा.

मग आधारासाठी 25 मिमीचा, 2 मिमी जाडीचा चौकोनी पाइप घ्या. प्रत्येक दारात बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत दोन आडवे, एक तिरका. शिवाय डाव्या खांबापासून उजव्यापर्यंत फुली. पाइप दारापासून 60-70 मिमी आत ठेवा. काम चालू असताना दार उघडून-लावून पाहता आलं नाही, तर तो आधार निम्मा वाया. टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) बाहेरच्या पातळ पत्र्यावर मारू नका. खांबाच्या आतल्या जाड भागाला 3 मिमीची पट्टी बोल्टने लावा आणि पाइप तिला जोडा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढलेली हवी.

बॉडी-बोल्टखालचे रबर आणि पॅकिंगच्या चकत्या जागेनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. त्या मिसळल्या, तर परत बसवताना दारं जुळणार नाहीत आणि दोष नव्या सिलला दिला जाईल. स्टिअरिंग कॉलम, वायरिंग, अर्थची पट्टी, हँडब्रेक आणि स्पीडोमीटरची केबल सोडवा. बॉडी काचेच्या चौकटीला धरून उचलू नका. बॉडी-बोल्टच्या जागांखाली आडव्या तुळया घालून उचला. 50 मिमी वर आली की थांबा, चहूबाजूंनी पाहा. विसरलेली एखादी वायर इथेच सापडते. घोड्याही त्याच जागांखाली, लेव्हल लावून.

सिल एका वेळी एकच कापा. नवी नुसत्या टाक्यांवर बसवून दार लावून पाहा, मगच पूर्ण वेल्डिंग. पाइप काढायचे ते बॉडी चॅसिसवर परत कसून फटी जुळल्यावर.

प्रश्न : लाकडी सांगाड्याची बॉडी फिरत्या स्टँडवर चढवावी का?

उत्तर : सांधे ढिले असतील तर अजिबात नको, स्टँड फिरवून बॉडी कुशीवर आडवी होताच सगळा भार सांध्यांवर येतो आणि चौकट तिरपी होते. आधार प्लायवुडच्या त्रिकोणांचा, बोल्टने दिलेला. लाकडावर मढवलेल्या पत्र्याला वेल्डिंग केलं, तर आतलं लाकूड जळतं आणि बाहेरून कळतही नाही.