कपाटातला कॅमेरा आणि कोल्हापूरचा पाऊस

मागच्या अंकात फिल्मच्या कॅमेऱ्यांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि शेवटी सहज म्हणून गेलो, काही शंका असली तर कळवा. वाटलं होतं, दोन पत्रं येतील. आली ती पिशवीभर. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे. पुढं आता पासपोर्ट फोटो आणि फ्रेमा चालतात, पण मागच्या खोलीतलं दुरुस्तीचं टेबल मी हलू दिलेलं नाही. त्याच टेबलावर बसून ही उत्तरं लिहितोय. सगळ्यांना पुरा पडणार नाही, राग नसावा.

आजोबांचा पेन्टॅक्स के-१००० कपाटात सापडला. चामड्याच्या केसमध्ये वीसेक वर्षं बंद होता. मागचं दार उघडलं तर कडेला डांबरासारखा काळा चिकटा लागलाय आणि लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. कॅमेरा गेला का? (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

गेला नाही गं. हा कॅमेरा म्हणजे जुन्या तालमीतला पैलवान आहे, इतक्यात पडत नाही. १९७६ ते १९९७ एवढी वर्षं हे मॉडेल निघत होतं आणि त्याचं शटर, म्हणजे फिल्मपुढचा पडदा, सगळं चाकांवर आणि स्प्रिंगांवर चालतं. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या, आत दिसणाऱ्या काट्याला. सेल नसला तरी फोटो निघतो.

आधी शटर बघ. फिल्म न घालता मागचं दार उघड, स्पीड १ सेकंदावर ठेव, फिल्म सरकवायची लिव्हर ओढ आणि बटण दाब. आत बारीक किर्रर्र असा आवाज येऊन पडदा सेकंदभर उघडा राहायला हवा. पडदा मध्येच अडकला किंवा तीन सेकंद लोंबकळत राहिला, तर आतलं तेल घट्ट झालंय. हळू स्पीड पहिले आजारी पडतात, कारण त्यांची चाकं बारीक असतात. मग खिडकीकडे तोंड करून १/१००० वर दाबून बघ, उजेडाची पट्टी क्षणभर चमकून गेली पाहिजे. अडकत असेल तर मेकॅनिककडे ने, आणि कुणी काहीही सांगो, शिलाई मशीनचं तेल आत सोडू नकोस. ते पडद्यापर्यंत पसरतं. असा एक कॅमेरा गेल्याच महिन्यात माझ्याकडे आला. मालकानं हौसेनं तेल घातलेलं, तेलात भिजवलेल्या लोणच्याची फोड काढावी तसा तो केसमधून निघाला.

तो काळा चिकटा म्हणजे कुजलेला फोम. दाराच्या खोबणीतून उजेड आत शिरू नये म्हणून कंपनीनं फोमच्या पट्ट्या लावलेल्या असतात. पंधरा-वीस वर्षांत त्यांचं असंच डांबर होतं, त्यात आजोबांची काही चूक नाही. हे काम तू घरी करू शकतेस. दातकोरणीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लाव आणि खोबणी हळूहळू खरवडत जा. घाईचं काम नाही, मला स्वतःला एका कॅमेऱ्याला तासभर लागतो. कॅमेरा उलटा धरून काम कर, म्हणजे कण शटरच्या पडद्यावर न पडता खाली गळतील. खोबणी स्वच्छ झाली की विणकामाची काळी लोकर घे, दुकानातून फोम मागवत बसू नकोस. खोबणीत किंचित चिकट लावून लोकरीचा एक पदर बसवला की उजेड आत येत नाही. माझ्या बायकोच्या जुन्या स्वेटरनं या गावातले निदान तीस कॅमेरे बरे झालेत.

आरशाच्या वरच्या बाजूला अशीच एक फोमची पट्टी असते, आरसा उडाला की तिच्यावर आपटतो. तीही गेली असणार. तिला हात लावण्याआधी आरशावर आणि वरच्या फोकसिंगच्या काचेवर कागद ठेव. हा आरसा आपल्या घरातल्या आरशासारखा नसतो, त्याचा चकचकीत थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो. नवशिका असताना मी असाच एक आरसा दाढीच्या मऊ ब्रशनं पुसला होता. अजून त्या रेघा डोळ्यांपुढं आहेत. फुंकणीनं हवा मारायची, बास.

आता जाळं. ती बुरशी आहे. कॅमेऱ्यातून लेन्स काढ, तिची रिंग २ वर ठेव, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र पूर्ण उघडेल, आणि मागून टॉर्च मारून बघ. कडेला दोन-चार तंतू असतील तर फोटोत काही दिसणार नाही, खुशाल वापर. मधोमध नकाशा उमटला असेल तर लेन्स खोलावी लागते. बुरशी पुसली जाते, पण तिनं काचेवरचा थर खाल्ला असेल तर डाग राहतोच. ५० एमएमची ही लेन्स दुर्मीळ नाही, तेव्हा खर्च ऐकून मग ठरव.

आणि एवढं झाल्यावर तो कॅमेरा परत त्या चामड्याच्या केसमध्ये घालू नकोस! कोल्हापूरच्या पावसात चामडं ओल पितं आणि पोटात धरून ठेवतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं चपला हिरव्या होतात, तिथं लेन्सची काय कथा. पूर्वी आम्ही कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचो, त्याच्या उबेनं कपाट कोरडं राहायचं. हल्ली लोक झिरोचा एलईडी लावतात आणि मला येऊन सांगतात, बल्ब चोवीस तास चालू असतो तरी बुरशी आली. अहो, एलईडीला ऊब कुठं आहे? त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा घे, पापड ठेवतात तसा. तळाशी सिलिका जेलच्या पुड्या आणि आत आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळ ठेव. काटा ४५-५०च्या आसपास असावा. ६०च्या वर गेला की जेल कढईत मंद आचेवर परतून घ्यायचं. तांदळात ठेवू नकोस, तांदळाची पूड आत जाते.

के-१०००च्या मीटरला बंद करायचं बटण नाही. काम झालं की लेन्सला टोपी लाव, अंधारात मीटर जवळजवळ काहीच खात नाही. सेल एलआर-४४, तळाची चकती नाण्यानं फिरवली की निघते. जुना सेल पाझरला असेल तर हिरवट-पांढरी भुकटी दिसेल, ती व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसून घे.

शेवटी एक. तू पत्रात लिहिलंयस, "मला आत हात घालायला भीती वाटते." ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला त्या गावात राहतेस. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथनं रोज जात असशील. लोकरीचा पदर बसवायला कसली भीती?

छत्तीस फोटो काढले, धुऊन आणले तर रोल कोरा. लॅबवाल्यानं घोटाळा केला असेल का? (एक वाचक, गडहिंग्लज)

निगेटिव्हच्या काठावर बारीक आकडे आणि कंपनीचं नाव उमटलंय का बघा. ते दिसत असेल तर धुलाई बरोबर झाली, लॅबवाल्याला शिव्या देऊ नका. तुमची फिल्म आत सरकलीच नाही, पहिल्या फ्रेमवरच बसून राहिली.

कसं सांगतो? कारण माझं झालंय. १९८७ची गोष्ट, कागलचं लग्न. माझे वस्ताद आजारी होते (मी त्यांना वस्तादच म्हणायचो, दुकान असलं म्हणून काय झालं), म्हणून मला एकट्याला पाठवलं. अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, मी आपला फोटोवर फोटो मारतोय. आकडा छत्तीसवर गेला, सदतीस झाला, चाळीस झाला, तरी लिव्हर अडेना. मला वाटलं, आज रोल लांब निघाला, नशीब चांगलं! खरं तर आकडा लिव्हरच्या ओढी मोजत असतो, आत फिल्म आहे की नाही हे त्याच्या गावीही नसतं. दुकानात येऊन दार उघडलं तेव्हा फिल्मची जीभ जशी घातली होती तशीच. वस्ताद काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवरा-नवरीला परत नटवून, भटजींना बोलावून, सगळं पुन्हा उभं करून फोटो काढले, आणि पुढचे तीन महिने माझ्या पगारातून पैसे कापले. त्या अल्बममध्ये नवरीच्या चेहऱ्यावर जो वैताग आहे तो मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हा रीत अशी. फिल्मची जीभ उजवीकडच्या चरकीच्या फटीत घाला. दार उघडं असतानाच एकदा लिव्हर ओढा आणि वरचे-खालचे दोन्ही दाते फिल्मच्या भोकांत बसले का, डोळ्यांनी बघा. दार लावा. डावीकडची रिवाइंडची फिरकी बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून ढिलाई काढा, अडलं की थांबा. मग लिव्हर ओढताना त्या फिरकीकडं बघा. ती उलटी फिरली तर फिल्म सरकतेय. नाही फिरली तर लग्न परत लावायची तयारी ठेवा.

फ्लॅशनं काढलेल्या फोटोंत अर्धी चौकट काळी येते. (जयसिंगपूर)

स्पीड जास्त ठेवताय. कापडी पडद्याच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी १/६० किंवा त्याहून हळू ठेवावं लागतं. त्यावर गेलं की पहिला पडदा पुरा सरकण्याआधीच दुसरा निघतो, उघडी राहते ती नुसती फट, आणि फ्लॅश त्या फटीपुरताच उजेड देतो. डायलवर एक्स लिहिलेली खूण शोधा.

माझा मिनोल्टा एसआर-टी १०१ आहे. त्याचा जुना सेल मिळत नाही. त्याच मापाचा नवा घातला तर फोटो अंधारे येतात. (इचलकरंजी)

हा कॅमेरा १९६६चा. त्या काळच्या मीटरना पाऱ्याचा सेल लागायचा, १.३५ व्होल्टचा, आणि तो संपेपर्यंत एकसारखा चालायचा. पाऱ्याच्या विषामुळं ते सेल बंद झाले. तुम्ही घातलाय तो १.५ व्होल्टचा अल्कलाइन. जास्त व्होल्टेजनं काटा जास्त उडतो, मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि तुम्ही छिद्र बारीक करता. शिवाय तो जसा उतरत जाईल तशी चूकही बदलत जाते, म्हणजे अंदाजानंही भरून काढता येत नाही.

उपाय कानाच्या मशीनवाल्याकडं आहे. ६७५ नंबरचा सेल मागा. तो १.४ व्होल्टचा असतो आणि स्थिर चालतो. आकारानं थोडा लहान पडतो, म्हणून भोवती रबराची किंवा पितळेची रिंग बसवा. स्टिकर काढला की त्याला हवा लागते आणि तो चालू होतो, मग वापरा किंवा नका वापरू, दोन-तीन महिन्यांत संपतो. स्वस्त आहे, कुरकुर करू नका. कॅमेऱ्याच्या तळाला मीटरचं बटण आहे, ते काम नसताना बंद ठेवा.

आणि मीटर पुरताच गेला तर? उन्हात छिद्र १६ आणि स्पीड फिल्मच्या डबीवरच्या आकड्याच्या जवळपास. ४०० ची फिल्म असेल तर १/५००. रंकाळ्यावर सकाळी दहाला हे मोजून बघा, मीटरची आठवण येणार नाही. ढग आले की छिद्र ८ वर आणा.

महापुरात कॅमेरा दोन दिवस पाण्यात होता. वाळवून ठेवलाय. चालेल का? (शिरोळ)

२०१९चा म्हणताय, म्हणजे आता उशीर झाला. पंचगंगेचा गाळ चाकांत बसून गंजला असणार. पाण्यातून काढल्या दिवशीच, लिव्हर न ओढता, सेल काढून आणला असता तर काही करता आलं असतं. लेन्स मात्र दाखवायला आणा.

मी निवृत्त शिक्षक आहे. काळी-पांढरी फिल्म घरीच धुवायचा विचार आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जमेल का? (पन्हाळा)

सर, जमेल, आणि पन्हाळ्यावर तर आमच्यापेक्षा बरं जमेल. अडचण पाण्याची आहे. एचपी-५ फिल्म डी-७६ या धुलाईच्या औषधात, पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं धुवायची असं गणित आहे. एप्रिलमध्ये आमच्या नळाचं पाणी याच्या कितीतरी वर असतं. त्यात साडेसात मिनिटं ठेवली तर निगेटिव्ह कोळशासारखी काळी येते. मी माठातलं पाणी घेतो, घमेल्यात ते आणि बर्फाचे खडे, त्यात औषधाची बाटली उभी करायची आणि थर्मामीटर बघत बसायचं. फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं औषध, आणि शेवटचं धुण्याचं पाणीही जवळपास त्याच तापमानाचं ठेवा.

त्याआधी एक वाया गेलेला रोल घेऊन प्लास्टिकच्या चरकीवर चढवायचा सराव करा. पहिल्यांदा उजेडात, मग डोळे मिटून, मग खरोखर अंधारात. चरकी ठणठणीत कोरडी हवी. पावसाळ्यात घामेजल्या हातांनी फिल्म मध्येच अडकते, आणि अंधारात बसून तिच्याशी झुंजताना माणसाच्या तोंडून काय काय निघतं ते मासिकात छापता येणार नाही.

वाळायला बाथरूममध्ये टांगा, खाली कपड्याचा चिमटा लावून, पंखा बंद ठेवून. आणि पहिला रोल धुतलात की निगेटिव्ह घेऊन या. माझा लाइटबॉक्स अजून चालतो, फक्त त्याची ट्यूब पेटायला जरा वेळ घेते. तोवर चहा होतो.