सागवानी दारांचं पॉलिश: तासायच्या आधी एवढं करा

ताई, ओट्याखालची सागवानी दारं मुठीभोवती काळपट झालीत, सिंकखाली पांढुरकी पडलीत आणि पॉलिशवाला म्हणतो, सगळं तासून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश, मारू. एवढ्यात हो म्हणू नका.

आधी जुनं पॉलिश कुठलं ते बघा. दाराच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा मिनिटभर दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळा तपकिरी झाला, तर चपडीचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश. तसं असेल तर चांगलंच, कारण चपडीचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं सुटलं तर लॅकर, आणि थिनरलाही दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू. चपडीवर थेट पीयू मात्र मारू देऊ नका. साध्या चपडीत मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात.

मुठीभोवतीचा काळेपणा बहुतेक वेळा हाताचा आणि फोडणीचा मेणचट थर असतो. मी आमच्या दारांवर आधी पॉलिशपेपर चालवला होता. दोन मिनिटांत पेपर गोळ्या धरून भरला, आणि नवीन पॉलिश ओलं असतानाच जागोजाग वाटाण्याएवढे डोळे पडले, म्हणजे पॉलिश बाजूला सरकून गोल खळगे झाले. सगळं उतरवावं लागलं. म्हणून आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं पुसणं. मग टर्पेंटाइनचं पांढरं फडकं, ते पांढरंच राहीपर्यंत. सोडा वापरू नका, चपडी त्यानं मऊ पडते.

त्यानंतर ३२० नंबरचा पेपर, रेषांच्या दिशेनं, अगदी हलक्या हातानं. कड नीट बघा. प्लायवर सागाचा पत्रा, म्हणजे लाकडाचं व्हेनियर, असेल तर तो कागदासारखा पातळ असतो, जोर दिला की खालचं प्लाय दिसतं.

सिंकखालचं दार उतरवून उलटं करा. उभ्या पट्ट्यांची खालची टोकं कोरीच असणार, पॉलिशवाले ती सोडून देतात. पाणी तिथूनच वर चढतं. त्या टोकांना तीन-चार हात द्या, बाकी दाराला दोन पुरे.

चपडी लावताना गॅस सिलिंडरपासून बंद, खिडक्या उघड्या. आणि पावसाळी दमट दिवशी नकोच. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा धरतो आणि पुन्हा तोच पांढुरकेपणा येतो.